गोदामातल्या जुन्या गाड्या सरसकट वजनावर का जातात?

कॉलमगिअर

मालक जातो, जागा बिल्डरला दिली जाते आणि शेडमधल्या सात-आठ जुन्या गाड्या एका सकाळी टेम्पोत चढतात. दोन पद्मिनी, एक अँबेसेडर, विलीज जीप, कोपऱ्यात एखादी स्टँडर्ड हेराल्ड. विचारलं की ठरलेलं उत्तर: "१५ वर्षं झाली की मोडावीच लागते."

हे चूक आहे. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं ही भानगड दिल्ली परिसराची. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. ५० वर्षांपुढच्या गाड्यांना तर केंद्राने जुलै २०२१मध्ये वेगळा व्हिंटेज नियमच केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती बाहेर काढायची.

माझं म्हणणं एवढंच की भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक दिवस द्या आणि गाड्यांची वर्गवारी करा. आठातल्या दोन रस्त्यावर येतील, तीन सुटे भाग देतील, बाकीच्या खुशाल वजनावर जाऊ द्या.

लोखंडभाव

असहमत. शेडमध्ये वीस वर्षं उभी असलेल्या गाडीला 'संग्रह' म्हणणंच मला पटत नाही. जमवणं वेगळं, जपणं वेगळं. ती गाडी भंगारवाल्याने मारलेली नसते, ज्याने ताडपत्री टाकून विसरली त्याने मारलेली असते.

आता हिशोब. व्हिंटेज नियम ५० वर्षांपुढे लागू होतो. पद्मिनी कुर्ल्यात २०००च्या आसपासपर्यंत बनत होती. म्हणजे १९९५ची पद्मिनी २०४५मध्ये व्हिंटेज होणार. तोवर काय? नोंदणी वाढवायची फी एप्रिल २०२२मध्ये ६०० वरून ५,००० झाली, ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,०००. वर पर्यावरण कर. हे सगळं गुणिले आठ. वारस राहतात फ्लॅटमध्ये, पार्किंग एक. त्यांना 'वारशाची हत्या' वगैरे ऐकवणारे स्वतः एक तरी गाडी उचलून नेतात का?

पत्रा_१८गेज

दोघांचंही अर्धं बरोबर. वर्गवारी करायची म्हणजे नेमकं काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वरचा रंग बघूच नका. पद्मिनी आणि अँबेसेडरला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालची आडवी पेटी (सिल), फ्लोअर आणि मागच्या लीफ स्प्रिंगचे बॉडीवरचे टेकू ही तीन ठिकाणं आधी. बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दाबा. टणक आवाज आला तर ठीक. बिस्किटासारखा आत गेला तर तिथे पत्रा नाही, रंग आणि लांबी (खड्डे भरायची पुटी) आहे. लोहचुंबकावर रुमाल गुंडाळून फिरवला तरी कळतं. लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही.

मग खरी परीक्षा. चारही दारं नीट लागतात ना ते बघून सिलखाली जॅक लावा, चाक दोन इंच उचला आणि त्याच बाजूचं पुढचं दार उघडून परत लावा. मघाशी लागणारं दार आता कडीवर अडकलं, तर बॉडी मधे वाकतेय. अशी गाडी रस्त्यावर येणाऱ्या गटात नाही. जॅक नुसताच पत्रा फाडून वर आला तर पुढे बघायचीही गरज नाही.

इंजिन जाम आहे म्हणून गाडी टाकू नका. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात ३०-४० मिली डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं ओता, चार दिवस थांबा. मग क्रँकपुलीच्या नटला पाना लावून हाताने, थोडं पुढे थोडं मागे. बॅटरी जोडून स्टार्टर मारायचा मोह टाळा. गंजाने चिकटलेली पिस्टनची रिंग तिथेच तुटते आणि बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडा पडतो. मग रिबोअर (बोअर कातून मोठा करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन आलं, म्हणजे फुकट वाढवलेला खर्च.

टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं. टाकी वाफेने धुतल्याशिवाय टाका मारायला देऊ नका. 'रिकामी आहे' हे कारण पुरत नाही, आत उरलेली पेट्रोलची वाफच पेटते.

लोखंडभाव, ताडपत्रीचं अगदी खरं. मातीच्या जमिनीवर गाडी आणि वरून प्लास्टिक म्हणजे पावसाळ्याचे चार महिने खालून वाफारा. त्यापेक्षा नुसतं छप्पर आणि वारा बरा. आणि हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो हमखास, लायनर ड्रमला चिकटून बसतात.

वारसनोंद

गाड्या पत्र्यामुळे कमी मरतात, कागदामुळे जास्त. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ने नाव बदलून घ्यायचं असतं. हे बहुतेक घरांत होत नाही. घर आणि शेतीचे कागद आधी, गाडीचं आरसी बुक कपाटात. दहा वर्षांनी घेणारा उभा राहतो तेव्हा तीन भावंडांच्या सह्या, त्यातलं एक परदेशात. तो कंटाळून जातो, भंगारवाला मात्र कागद मागत नाही.

एक बारीक गोष्ट. चेसिस नंबर गंजाखाली गेला असेल तर ग्राइंडर लावू नका. रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पितळी ब्रशने पुसा, मग कागद धरून पेन्सिल प्रिंट घ्या. ग्राइंडरने आकडे उथळ झाले की तपासणाऱ्याला ते खोडल्यासारखे दिसतात, आणि मग चांगली गाडी कायमची अडकते.

लोखंडभाव

'भंगारवाला कागद मागत नाही' याच वाक्यात धोका आहे. गाडी तुटते पण नोंदणी तशीच राहते. उद्या तो नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर फिरला तर पत्र तुमच्या घरी. मोडायचीच असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे इंधन, ऑइल, ब्रेक ऑइल, एसीचा गॅस, बॅटरी आधी काढतात, चेसिस नंबरचा तुकडा कापून ठेवतात आणि तुम्हाला ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडायला दिल्याचा दाखला) मिळतं. नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत त्यावरच. गल्लीतला माणूस तेच ऑइल गटारात ओततो.

कॉलमगिअर

मान्य. पण स्क्रॅपिंग केंद्राला गाडी म्हणजे टनात मोजायचा माल. पद्मिनीची पुढची काच, स्टिअरिंगखालच्या गिअरचे लिंकेज, डिस्ट्रिब्युटर, मीटर, दिव्यांच्या क्रोम कड्या हे सगळं दाबयंत्राखाली जाणार. रबर बीडिंग नव्याने काढून मिळतं, वळणदार काच नाही. देण्याआधी एवढं तरी सोडवून घ्या. काच काढताना रबर कापा, काचेला पट्टीने उचकटू नका. ठेवताना उभी ठेवा, आडव्या थप्पीत खालची तडकते.

टॅक्सीस्टँड

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३च्या शेवटी तीही उतरली. तेव्हा सगळे हळहळले. त्याआधी रोज डझनाने तुटत होत्या तेव्हा कुणाला पडलं होतं? कुर्ल्यात बनल्या आणि त्याच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या झाल्या, याहून नीट वर्तुळ कुठलं.

सरकारी गाड्यांचं तर नावच काढू नका. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाडीची नोंदणी वाढतच नाही. जुनी सरकारी जीप किंवा रुग्णवाहिका चालू स्थितीत असली तरी जाते. संग्रहालयाला एक-एक नमुना काढून ठेवायला काय हरकत होती, हा प्रश्न लोखंडभावांना.

लोखंडभाव

एक नमुना ठेवायला काहीच हरकत नाही. गुरुग्रामजवळ तावडूला आणि अहमदाबादजवळ कठवाड्याला जुन्या गाड्यांची संग्रहालयं आहेत, तिथे जाऊन बघा, नीट ठेवलेल्या गाडीला किती माणसं लागतात. माझा विरोध आठच्या आठ ठेवण्याला आहे. आणि वाचवलेली तरी पुढे चालवणार कशावर? पंपावर आता २० टक्के इथेनॉल. गाडीच्या इंधन पंपातल्या जुन्या डायफ्रामचं (पडद्याचं) रबर फुगतं, टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल त्यासकट तळाशी वेगळं बसतं आणि कार्ब्युरेटर आतून पांढरा पडतो.

पत्रा_१८गेज

त्यावर इलाज आहे. इंधनाचे पाइप आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारे घाला, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) दोन्ही रिकामे करा. मिश्रण थोडं फिकं (हवा जास्त, इंधन कमी) जळतं, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघा.

नवा_गडी

मूळ यादीतल्या हेराल्डलाही जॅकवाली परीक्षा लागू होते का?

पत्रा_१८गेज

नाही. हेराल्डला आणि जीपला चेसिस वेगळी आहे, बॉडी बोल्टने बसते. तिथे दार अडकलं म्हणून घाबरायचं नाही, बॉडीखालचे शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) बघा. हेराल्डच्या चेसिसला बाजूने निघालेले आडवे हात असतात, ते आणि डिकीचा तळ टोचून बघा. हात कुजले असतील तर नवे करून जोडता येतात, मधले दोन मुख्य दांडे कुजले असतील तर भागांसाठी ठेवा. पण त्याआधी व्हिंटेज नियम वाचा: चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून आधी आहे त्या स्थितीचे फोटो काढा, खालून आणि तारखेसकट.