वास्कोतली जुनी घरे: जपायची की पाडायची?

मुरगावकर
स्टेशनाच्या मागचे रेल्वेच्या जमान्यातले चिऱ्यांचे घर गेल्या आठवड्यात पाडले. मंगळुरी कौले ट्रकात भरताना उभा राहून बघत होतो. रेल्वेला वाट करून देणारा १८७८ चा पोर्तुगीज-ब्रिटिश करार झाला, १८८८ मध्ये सीमेपलीकडच्या कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रेल्वे पोचली, म्हणून हे गाव शहर झाले. मुरगावचा किल्ला तर १६२४ साली बांधायला घेतलेला. १६८३ मध्ये संभाजी महाराज जुन्या गोव्याच्या वेशीवर आले, तेव्हा पोर्तुगीजांनी राजधानीच इकडे हलवायचे ठरवले होते. आणि आज आपण पणजीची घरे बघायला जातो!

खारीवाड्याची
दादा, इतिहास मान्य. पण तुम्ही खारीवाड्यात राहून बघा. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवले की काळे होते. बंदरातला कोळसा आधी आवरा. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या घराचे वासे वाळवीने पोखरले, दर पावसाळ्यात कौले बदलतो. दुरुस्तीला पैसा कोण देणार? फ्लॅट बांधला तर दोन्ही मुलगे वास्कोतच राहतील, ही माझी गरज आहे.

बायणेकर
ताईंचे दुखणे खरे आहे. पण धूळ बंदरातून येते, त्याची शिक्षा घराला कशाला? गोव्याचा १९७८ चा पुरातन वास्तू कायदा अधिसूचित स्मारकांना राखतो, आमची राहती घरे त्यात येत नाहीत. दुरुस्तीला अनुदान मागायला हवे, ते कोणी मागत नाही.
आणि फक्त दगडमातीचे नाही हे. प्लेगच्या काळात सुरू झालेला दामोदर सप्ताह आजही होतो, चोवीस तास अखंड भजन. जुन्या वाटेवरून पार, म्हणजे भजनी मिरवणूक, येताना बघा. सगळीकडे शटरची दुकाने झाली तर तो पार कुठल्या दारापुढे थांबणार?

खारीवाड्याची
सप्ताहाला मीही जाते, बाबा. अनुदान लेखी मिळत असेल तर मी घर पाडणार नाही, हे आताच सांगते. तोंडी आश्वासनावर मात्र पुढचा पावसाळा काढणार नाही.

मुरगावकर
मग आधी घरांची यादी करू. हार्बरपासून सुरुवात करतो. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या छाप्यानंतर तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज खलाशांनीच बुडवले, ती जागा दाखवणारी साधी पाटीही माझ्या पाहण्यात नाही. रविवारी सकाळी आठला बोगद्यापाशी येतो. ताई, तुमच्या वाशांचे फोटो पाठवा.