'लोकसहभाग'चा अर्थ आणि 'पब्लिक एंगेजमेंट'ला मराठी शब्द

रानवारा:
एखादा प्रकल्प किंवा आराखडा ठरवताना लोकांशी कसं बोलावं याची मार्गदर्शक तत्त्वं मराठीत लिहितोय. 'पब्लिक एंगेजमेंट'ला सरळ 'लोकसहभाग' टाकून मोकळा झालो असतो, पण गावात हा शब्द काढला की लोक आधी खिसा चाचपतात. 'लोकसहभागातून नाला खोलीकरण', 'लोकसहभागातून शाळेची रंगरंगोटी', पेपरात रोज असतंच, म्हणजे वर्गणी नाहीतर श्रमदान. पाणीयोजनेतली ती दहा टक्के लोकवर्गणी पण यातच. नाला कुठला खोदायचा हे विचारलं का, ते या शब्दात कुठेच नाही. दुसरं काही सुचतंय का?

चहाबाज:
जनसंवाद?

रानवारा:
त्याच्यापुढे लगेच 'यात्रा' लागते हो, आणि बोलतो एकच जण :)

फाइलीतला उंदीर:
सरकारी मराठीत 'हरकती व सूचना'. नगररचनेचा 1966 चा कायदा बघा, प्रारूप (म्हणजे कच्चा) आराखडा प्रसिद्ध करायचा आणि मग हरकती मागवायच्या. आता हरकत घ्यायची म्हणजे समोर आधी काहीतरी ठरलेलं हवंच की. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचं हेच झालं, फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप आलं, हरकतींचा पाऊस पडला, एप्रिलमध्ये सरकारने ते नव्याने करायला लावलं आणि सुधारित प्रारूप यायला मे 2016 उजाडला. लोकांना आधी विचारलं असतं तर यातला बराचसा वेळ वाचला असता असं माझं मत.

सह्यवेडी:
'जनसुनावणी' राहिली की! पर्यावरण परवानगीसाठी 2006 च्या अधिसूचनेनुसार असते ती, किमान 30 दिवस आधी नोटीस, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, व्हिडिओ शूटिंग, आणि कोरमची (किमान हजेरीची) अट नाही. मी एका सुनावणीला गेले होते. मांडवात पुढच्या रांगा कंपनीच्या माणसांनी भरलेल्या, प्रकल्पाचा मोठा अहवाल इंग्रजीत, मराठीत नुसता सारांश. एका काकूंनी माईक घेऊन विचारलं, ब्लास्टिंग सुरू झाल्यावर आमच्या विहिरीचं पाणी गेलं तर टँकर कोण देणार. उत्तर आलं, 'नोंद घेतली'. काकू खाली बसेचनात, म्हणाल्या नोंद नको, नाव सांगा. तुमच्या तत्त्वांत हे पहिलं घाला, कोणता मुद्दा मान्य केला, कोणता नाही आणि का, हे लोकांना परत येऊन सांगायचं.

चहाबाज:
ग्रामसभेला निदान कोरम तरी आहे, 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते.

फाइलीतला उंदीर:
आणि तहकूब सभेला तो लागत नाही, हे गावात सगळ्यांना पाठ असतं!

पाटावरचा माणूस:
मराठीत तयार वाक्प्रचार आहे ना, 'विश्वासात घेणे'. 'ग्रामस्थांना विश्वासात न घेता काम सुरू केले' ही बातमी प्रत्येक तालुक्यात छापून येते.

सह्यवेडी:
तक्रार करायला मस्त आहे, तत्त्व म्हणून नको. विश्वासात घेतलं म्हणजे बऱ्याचदा सरपंचाला बोलावून चहा पाजला आणि ठरलेलं सांगितलं. मेंढा-लेखा गावात (गडचिरोली) बघा, तिथे अभ्यासगटात आधी विषय समजून घेतात, मग ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत बोलतात, बहुमताने उरकत नाहीत. याला नुसतं 'विश्वासात घेतलं' म्हणणार का?

रानवारा:
पटलं. मग एकच शब्द ताणत बसत नाही. जिथे फक्त सांगायचंय तिथे 'माहिती देणे', जिथे विचारायचंय तिथे 'मत घेणे', आणि खरंच निर्णयात घेणार असतील तिथे 'लोकांसमवेत ठरवणे'. बैठकीच्या नोटिशीत यातलं काय चाललंय ते आधीच लिहायचं, म्हणजे जागा ठरून गेली असेल तर तेही स्पष्ट सांगायचं, उगाच मत विचारल्याचं नाटक नको. शीर्षकात 'लोकसंवाद' ठेवतो सध्या.

पाटावरचा माणूस:
'समवेत' काढा हो, लग्नपत्रिका वाटते. 'लोकांसोबत' लिहा. आणि नोटीस नुसती पंचायतीच्या फळ्यावर नको, दवंडी पण द्या, आमच्याकडे आता रिक्षावर भोंगा लावून देतात.