अनुभव धागा : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे’

गेल्या महिन्यात दुपारी वडिलांचा फोन आला. आवाज कापत होता. घरच्या कॉम्प्युटरवर विजेचं बिल भरायला बसले होते. शोधता शोधता भलत्याच पानावर गेले आणि सगळी स्क्रीन लाल झाली. भोंगा वाजायला लागला, आणि एक बाई इंग्रजीत सारखी बजावत होती की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जाते आहे, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. वडील ७९ वर्षांचे. नंबर त्यांनी कागदावर उतरवूनही घेतला होता. पलीकडे इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून आधी मला विचारायला फोन केला, एवढंच.

एस्केपचं बटण दाबून धरा म्हटलं, हलेना. आल्ट आणि एफ-४ त्यांना एकदम दाबता येईनात. शेवटी पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायला सांगितलं. ‘ती बंद करू नका म्हणते आहे रे,’ हे त्यांनी तीनदा म्हटलं. बंद केलं, पुन्हा सुरू केलं, ब्राउझरने मागची पानं उघडू का विचारलं त्याला नाही म्हटलं. संपलं. काहीही बिघडलं नव्हतं.

पण वडील पुढचे दोन दिवस त्या टेबलाजवळ गेले नाहीत, आणि आईला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. ते मला फार लागलं. म्हणून हा धागा. ज्यांच्या घरी असं घडलं त्यांनी लिहा. पैसे गेले असतील तरी लिहा.

एक गोष्ट आधीच सांगतो. ती लाल स्क्रीन म्हणजे एक वेबपान असतं, पूर्ण पडदा व्यापणारं. वेबपानाला तुमच्या हार्डडिस्कमध्ये शिरून व्हायरस शोधता येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या धोक्याच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की सूचना खोटी.

सातारा, निवृत्त शिक्षिका

तुमच्या वडिलांनी तुम्हाला फोन केला. मी त्या नंबरवर केला.

पलीकडचा मुलगा अतिशय अदबीने बोलत होता, मॅडम मॅडम करत. त्याने एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो ते रिमोटचं ॲप) उतरवून घ्यायला लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत कर्सर आपोआप फिरू लागला. मग एक लांबलचक यादी उघडली. तिच्यात लाल आणि पिवळ्या खुणा. ‘हे सगळे व्हायरस.’ मी घाबरले. नातवाचे फोटो, पेन्शनचे कागद, सगळं त्यातच. तीन वर्षांच्या ‘सुरक्षे’चे म्हणून साडेआठ हजार रुपये भरले. दहा मिनिटांनी तो म्हणाला, पैसे पोचले नाहीत, आणखी एक ओटीपी सांगा. तेव्हा सूनबाई बाहेरून आली, तिने माझा चेहरा पाहिला आणि आधी वायफायचं बटण बंद केलं.

तिनेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला आणि बँकेत कार्ड बंद करायला सांगितलं. पहिले पैसे गेलेच, दुसरे वाचले. त्या दिवशी घरात मला कुणी एक शब्दही बोललं नाही. तसं बोललं असतं, तर पुढच्या वेळी मी काही सांगितलंच नसतं.

मुंबईजवळ, वय ३१

वरच्या ताईंना दाखवलेली यादी मी ओळखतो, कारण मी ती लोकांना दाखवली आहे.

बारावीनंतर ‘टेक्निकल सपोर्ट’ची नोकरी म्हणून लागलो. रात्रपाळी, अमेरिकेतले ग्राहक, मला एक इंग्रजी नाव दिलेलं. ती यादी म्हणजे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. कॉम्प्युटर आपल्या बारीकसारीक नोंदी तिथे ठेवतो. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, की तिथे ‘एरर’ किंवा ‘वॉर्निंग’. धडधाकट कॉम्प्युटरवरही अशा शेकडो नोंदी असतात. दुसरी युक्ती काळ्या खिडकीची. तिथे ‘नेटस्टॅट’ टाइप केलं की एका रकान्यावर ‘फॉरेन ॲड्रेस’ लिहिलेलं येतं. त्याचा अर्थ फक्त समोरच्या कॉम्प्युटरचा पत्ता, पण आम्हाला शिकवलं होतं की म्हणायचं, पाहा, परदेशी लोक तुमच्या मशीनमध्ये शिरले आहेत.

एका रात्री एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले. पत्नीचे फोटो पुसले जातील का, एवढंच विचारत होते. मी अकराव्या दिवशी सोडलं. पगार मिळाला नाही, मागितलाही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यामागे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारीही होत्या. ती बातमी मी दोनदा वाचली. ताई, तुमची माफी मागतो. तुमच्याशी बोललेला मुलगा मी नव्हतो, तरीही.

नाशिक, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान

हा प्रकार जुना आहे. २००८-०९ मध्ये माझ्याकडे आठवड्याला तीन-चार मशीन ‘अँटीव्हायरस एक्सपी २००८’ घेऊन यायच्या. ते मात्र वेबपान नव्हतं, खरोखर मशीनमध्ये बसायचं. खोटं स्कॅन चालवायचं, न उघडलेल्या फायलींची नावं भराभर दाखवायचं आणि काढून टाकायचे पैसे मागायचं. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असे खोटे अँटीव्हायरस विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं; दहा लाखांहून जास्त लोक फसले होते.

तेव्हा आम्ही सरळ फॉरमॅट मारून द्यायचो. एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यात गेले, मी विचारलं नव्हतं. ती मुलगी आता कॉलेजात असेल. आजही मशीन हातात घेतली की आधी विचारतो, फोटो कुठे आहेत?

लाल पानासाठी फॉरमॅटची गरज नाही. दुकानात कुणी तसं सांगितलं तर मशीन परत न्या.

ठाणे

आमच्याकडे उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी ‘व्हायरस’ची चौकट यायची, ब्राउझर लहान केला तरी. मुलाने क्रिकेट बघायच्या नादात ‘रोबोट नसाल तर अलाउ दाबा’ असं सांगणाऱ्या पानावर अलाउ दाबलं होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. अनोळखी नावं काढून टाकली आणि थांबलं. दोन मिनिटांचं काम, महिनाभर सोसलं.

न्यू जर्सी

इथे शेजारच्या आजींना ‘सेवेचे पैसे परत करतो’ म्हणून फोन आला. रिमोट घेऊन त्यांनी आजींच्याच बँकेच्या पानावर आकडा बदलून दाखवला. ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर तात्पुरता बदलता येतो, खात्यात काहीच होत नाही. दोनशेऐवजी दोन हजार डॉलर आल्यासारखं दिसलं. मग तो मुलगा रडवेला होऊन म्हणाला, माझी नोकरी जाईल, जास्तीचे पैसे गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर सांगून परत करा. आजींना त्याची दया आली. दुकानातल्या कॅशियरने विचारलं, एवढी कार्डं कुणासाठी? तिथे थांबलं. आजी आम्हाला म्हणाल्या, त्याचा आवाज तुझ्या मुलासारखा होता. आम्ही भारतीय आहोत हे त्या क्षणी फार जड गेलं.

पुणे

विचारायला संकोच वाटतोय. सासऱ्यांनी काल संध्याकाळी रिमोट घेऊ दिला, पैसे दिले नाहीत. आता काय करू?

नाशिक, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान

संकोच करू नका. आत्ता नेट काढा. रिमोटचं ॲप काढून टाका, आणि त्यांनी दुसरं काही टाकलंय का ते कालच्या तारखेने इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅममध्ये बघा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्या मशीनवरून नाही, फोनवरून बदला. बँकेला कळवा. पैसे हलले असं दिसलं तर लगेच १९३०. नंतर विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण स्कॅन. आणि सासरे जवळ असतील तर हे सगळं त्यांना शेजारी बसवून करा.