कयाक घेण्याआधी शनिवारी उलटायला या

प्रेषक: प्र. सा., बॅलार्ड
विषय: समुद्री कयाकचा सराव, येता शनिवार

नमस्कार मंडळी,

जून लागला, ऊन पडायला लागलं, आणि गेल्या पंधरवड्यात मंडळातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: "कयाक घ्यायचाय, कुठला घेऊ?" तिघांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. कयाक (आत बसून वल्हवायची अरुंद, वरून झाकलेली होडी) नंतर घ्या. आधी शनिवारी सकाळी नऊला सिएटलजवळच्या लेक समामिशच्या काठावर या आणि आमच्या कयाक क्लबच्या सरावात एकदा पाण्यात उलटून बघा.

सिएटलमध्ये तळं आणि समुद्र शेजारी-शेजारी आहेत, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. ऑगस्टमध्ये लेक वॉशिंग्टनमध्ये पोरं तासन् तास डुंबतात. पण गोल्डन गार्डन्सच्या किनाऱ्याला प्युजेट साउंडचं, म्हणजे आपल्या समुद्राच्या खाडीचं पाणी भर उन्हाळ्यातही ५५-५६ अंश फॅरनहाइटच्या फारसं वर जात नाही, आणि हिवाळ्यात ४६-४७ वर येतं. हवा ८० असते, माणूस टी-शर्टवर निघतो. कपडे मात्र पाण्याकडे बघून घालायचे असतात.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात माणसाच्या शरीराचं काय होतं याचा अनेक वर्षं अभ्यास केलाय. त्यांचं १-१०-१ हे सूत्र आमच्या क्लबात सगळ्यांना पाठ आहे. पहिलं १ मिनिट धापा आवरण्यात जातं. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय सांगितलेलं ऐकतात. गारठून शुद्ध हरपायला तासाभराच्या आसपास लागतो. हे माप बर्फाळ पाण्याचं आहे, आपल्याकडे थोडी जास्त मुदत मिळते, पण क्रम हाच. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात निकामी होतात, आणि अंगात लाइफ जॅकेट नसेल तर तो तेव्हाच बुडतो.

मी हे भोगलंय. चार वर्षांपूर्वी दहा फुटी कयाक घेऊन शिलशोल खाडीच्या बाहेर एकटाच गेलो होतो. मोठ्या मोटरबोटीची लाट आडवी आली आणि उलटलो. त्या कयाकमध्ये हवाबंद कप्पे नव्हते, त्यामुळे तो पाण्याने भरून काठोकाठ बुडाला. पाच-सात मिनिटांत माझी बोटं अशी झाली की जॅकेटचा पट्टा चिमटीत धरता येईना. तिकडून एका क्लबची मंडळी वल्हवत चालली होती. त्यातल्या दोघांनी मला एका कयाकच्या पाठीवर आडवं घातलं आणि किनाऱ्याला आणलं. पुढच्याच आठवड्यात मी त्या क्लबात नाव घातलं.

शनिवारी पाच कयाक जादा आहेत. लाइफ जॅकेट आणि वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) क्लबकडे मिळतील. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच कळवा.

– प्र. सा.

---

प्रेषक: मी. जो., रेडमंड
विषय: उत्तर: समुद्री कयाकचा सराव

दादा, नमस्कार.

तुमची मेल घरात मोठ्याने वाचली. त्या तिघांपैकी एक आमचे हेच. पंधरा वर्षांचा मुलगा तर आत्तापासून उड्या मारतोय. मला मनापासून विचारायचंय, म्हणून विचारते. मला पोहणं जेमतेमच येतं. कमरेभोवती ते रबरी कापड ताणून बसवतात, त्यात माणूस बंद होतो ना? उलटं झाल्यावर अडकले तर? हे म्हणतात, "काही होत नाही." त्याने माझं समाधान होत नाही. शिवाय मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

– मी. जो.

---

प्रेषक: प्र. सा., बॅलार्ड
विषय: उत्तर: उत्तर: समुद्री कयाकचा सराव

ताई,

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि शनिवारचा पहिला तास त्यासाठीच ठेवलाय.

त्या कापडाला आम्ही स्कर्ट म्हणतो. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टा असतो. स्कर्ट बसवताना तो पट्टा बाहेर राहिला की नाही हे स्वतः बघायचं, मग शेजारच्याने बघायचं. सगळी सुटका त्या पट्ट्यावर आहे. उलटल्यावर पुढे वाकायचं, कपाळ जवळजवळ कयाकला टेकवायचं. हात वर काढून, म्हणजे पाण्याबाहेर, कयाकच्या बुडावर तीनदा थापा मारायच्या. मग पट्टा आधी पुढे ढकलायचा आणि मग ओढायचा. थेट आपल्याकडे ओढला तर कापडाची कड सुटत नाही, घट्ट बसते. कड सुटली की दोन्ही हात कंबरेपाशी टेकून, पँट उतरवतो तसा कयाक अंगावरून उतरवायचा. एकूण पाच-सहा सेकंद लागतात. त्या तीन थापांचं काम वेगळंच आहे: घाई थांबते, आणि "मी इथे आहे" हे बाकीच्यांना कळतं.

पहिल्या वेळी स्कर्ट न लावताच उलटायचं. पाणी छातीइतकं, मी शेजारी उभा. तुम्ही "आता" म्हणाल तेव्हाच, आणि नाही म्हणालात तर नाही. पोहणं उत्तम यायलाच हवं असं नाही, पण पाण्यात तोंड घालायची भीती जायला हवी. ती एका सकाळीत जाते असं मी म्हणणार नाही. काहींना तीन-चार खेपा लागतात. चष्म्याला मागून दोरी बांधा.

मग परत चढणं. एकटं असताना वल्ह्याच्या टोकाला हवेची पिशवी लावून त्याच्या आधाराने चढता येतं. क्लबमध्ये मात्र मुख्य सराव जोडीने सोडवण्याचा. सोडवणारा आपला कयाक उलटलेल्या कयाकच्या टोकाशी काटकोनात आणतो, ते टोक आपल्या मांडीसमोर ओढून घेतो, पाणी ओतून देतो, कयाक सुलटा करून शेजारी लावतो आणि दोन्ही हातांनी आवळून धरतो. मग पाण्यातल्या माणसाने पाय मागे फेकत मागच्या बाजूवर पोटावर यायचं, पाय आत सरकवायचे आणि वळून बसायचं. सराव असला तर दोन मिनिटांत होतं. म्हणूनच मी म्हणतो की चांगल्या कयाकपेक्षा शेजारी दुसरा कयाक असणं जास्त गरजेचं आहे.

आमच्याकडे निघताना एक आघाडीला आणि एक पिछाडीला ठरलेला असतो. पिछाडीच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि वेग सगळ्यात हळू माणसाचा. वल्हं उभं धरलं की माझ्याकडे या, डोक्यावर आडवं धरलं की थांबा. शिट्टी तीनदा वाजली तर कुणीतरी संकटात आहे. हे किनाऱ्यावर दर वेळी म्हणून दाखवतात, वीस वर्षं वल्हवणाऱ्यांनाही.

– प्र. सा.

---

प्रेषक: श्री. वा., बेलव्ह्यू (मुक्काम ऑगस्टपर्यंत)
विषय: उत्तर: समुद्री कयाकचा सराव

चिरंजीवांच्या खात्यावरून लिहीत आहे. आमचं गाव वेंगुर्ल्याकडचं, बालपण खाडीत गेलं.

वल्ह्याला हवेची पिशवी लावून आधार घेतात हे वाचून आनंद झाला. ही तर आपली उलांडी! आमच्याकडे अरुंद होडीला बाजूने लाकूड बांधतात, ती कलंडू नये म्हणून. एक विचारायचं होतं. आम्हाला भरतीसाठी कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमारास भरती. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीला भांग, म्हणजे लहान. इथे हा हिशेब चालतो का?

– श्री. वा.

---

प्रेषक: प्र. सा., बॅलार्ड
विषय: उत्तर: उत्तर: समुद्री कयाकचा सराव

काका, नमस्कार.

तुमची मेल मी क्लबमध्ये इंग्रजीत सांगितली. उलांडीचं चित्र काढून पाठवाल का? सगळ्यांना बघायचंय.

पाऊणपट इथे चालत नाही. उधाण-भांग आहे, पण रोजच्या दोन भरत्या-ओहोट्या सारख्या नसतात. एका ओहोटीला पाणी जेमतेम उतरतं, आणि दुसरीला इतकं की किनाऱ्याजवळचा तळ उघडा पडतो. दिवसातली मोठी भरती आणि मोठी ओहोटी यांत सिएटलला सरासरी साडेतीन मीटरचा फरक असतो. उन्हाळ्यात मोठ्या ओहोट्या दिवसाउजेडी येतात, म्हणून दुपारी परतताना कयाक चिखलातून बराच लांब उचलून न्यावा लागतो.

शिवाय पाणी चढण्या-उतरण्याचं कोष्टक वेगळं आणि प्रवाहाचं वेगळं. डिसेप्शन पास या अरुंद सामुद्रधुनीत प्रवाह ८ नॉटपर्यंत (तासाला ८ सागरी मैल) जातो, आणि चांगला वल्हवणारा दिवसभर ३-४ नॉट टिकवतो. तिथे ठरलेल्या वेळीच जायचं, पाणी थांबतं त्या थोड्या मिनिटांत. त्यात वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, तो दिवस आम्ही किनाऱ्यावर काढतो.

शनिवारी तुम्ही काठावर यावं अशी विनंती. खुर्ची मी आणतो.

– प्र. सा.

---

प्रेषक: मी. जो., रेडमंड
विषय: शनिवार झाला

दादा, काका आणि सगळे,

तीनदा उलटले. पहिल्यांदा थापा मारायच्या विसरले आणि नाकात पाणी गेलं. दुसऱ्यांदा मारल्या. पाण्याखाली त्या थापांचा आवाज फार जवळून येतो, घरात शेजारच्या खोलीतून कुणी भिंत ठोकावी तसा. तिसऱ्यांदा स्कर्ट लावून. पट्टा पुढे ढकलला, कड सुटल्याचं बोटांना कळलं, आणि बाहेर आले तेव्हा काका काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सोडवायची पाळी आली तेव्हा यांचा कयाक मी धरला. चढताना यांचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं, पण मी सोडलं नाही. आजही दंड दुखतायत.

कयाक घ्यायचा बेत पुढच्या वर्षावर गेलाय. आधी ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा पोशाख), असं यांनी स्वतःहून ठरवलं. जुलैच्या सरावाला आमची तिघांची नावं लिहा. मला आता जोडीने सोडवणं दोन मिनिटांच्या आत आणायचंय. शनिवारी साडेचार लागली होती.

– मी. जो.