मदत हवी आहे: छोट्या व्यवसायाची नवी वेबसाइट तयार आहे, पण डोमेन आणि ईमेलपाशी घोडं अडलंय

सुईदोरा:

नमस्कार मंडळी,

आमचा शिलाई मशीन दुरुस्तीचा आणि सुट्या भागांचा छोटा व्यवसाय आहे. मी, नवरा आणि एक मदतनीस, एवढाच कारभार. नऊ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने वेबसाइट करून दिली होती. ती मोबाइलवर धड उघडत नाही, आणि एखादा फोटो बदलायचा तरी त्याच्यामागे लागावं लागायचं. शेवटी कंबर कसली आणि चार महिने रात्री जागून वर्डप्रेसवर स्वतःच नवी साइट बांधली. चांगली झालीय (आपला तो बाब्या म्हणा हवं तर). पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू करायचीय.

आता अडचणी. डोमेन त्या मुलाच्या खात्यात आहे. मुलगा सज्जन आहे, "पासवर्ड देतो" म्हणाला. तेवढं पुरतं का? दुसरं, आमचा ईमेल याच डोमेनवर आहे आणि निम्म्या ऑर्डरी त्यावरच येतात. नवी होस्टिंग कंपनी म्हणते नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात तो सर्व्हर) बदला. मेल बंद पडणार नाही ना? तिसरं, जुन्या साइटवर साठेक पानं आहेत आणि बरेच जण गूगलवरून थेट बॉबिन केसच्या पानावर येतात. त्या पानाचा पत्ता 'पेज आयडी बरोबर ४७' असा काहीतरी आहे, नव्या साइटवर तो बदललाय. आणि जुन्या माहितीपत्रकातला मराठी मजकूर नव्या साइटवर चिकटवला की कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

शोधून बरंच वाचलं, पण प्रत्येक जण रंग आणि लोगोवरच बोलतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटपट्या:

ताई, पासवर्ड पुरत नाही. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाचे मेल कोणाला जातात, हे महत्त्वाचं. डोमेन ज्या कंपनीकडे नोंदलंय, त्याच कंपनीत स्वतःचं खातं उघडा आणि त्या मुलाला डोमेन तुमच्या खात्यात ढकलायला सांगा. बहुतेक कंपन्यांत हे काही मिनिटांचं काम असतं. मग मालकाच्या जागी तुमचं नाव आणि तुमचा ईमेल घाला. ईमेल मात्र याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर त्याची सूचना त्याच बंद पेटीत जाईल.

मालकाचं नाव बदलल्यावर पुष्कळदा ६० दिवस डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. तुम्हाला आत्ता त्याची गरजही नाही, ते पुढे कधीतरी. आधी मुदत कधी संपतेय ते बघा. हूइजवर (डोमेनची नोंदणी दाखवणारी सेवा) शोधलंत की दिसेल.

सुईदोरा:

बघितलं. २३ दिवस उरलेत!! पोटात गोळा आला.

खटपट्या:

म्हणजे बाकी सगळं सोडून आज त्याला आधी एक वर्ष वाढवायला सांगा. पैसे तुम्ही द्या, पावती मागून घ्या. डॉट कॉमसारखं डोमेन मुदतीनंतर रद्द झालं तर ३० दिवस सोडवून घेता येतं, पण दंड नेहमीच्या शुल्काच्या कैक पट असतो.

आडवाट:

मेलबद्दल मी सांगतो, कारण हा खड्डा मी स्वतः पडून मोजलाय. शुक्रवारी संध्याकाळी नेमसर्व्हर बदलले, साइट झकास उघडली, खुशीत झोपलो. सोमवारी एका गिऱ्हाईकाचा फोन, "तुमचा मेल परत येतोय." नव्या नेमसर्व्हरवर डीएनएसची (साइट आणि मेल कुठे आहेत हे सांगणाऱ्या नोंदींची) पाटी बहुतेकदा कोरी असते. मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद तिथे मी लिहिलीच नव्हती. चूक सर्वस्वी माझी.

म्हणून नेमसर्व्हरला हातच लावू नका. आहेत तिथेच ठेवा आणि फक्त ए नोंद (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) नव्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वळवा. त्याआधी सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. एमएक्ससमोर काय लिहिलंय ते इथे सांगा. डोमेनचं नाव खोडून टाका.

सुईदोरा:

एमएक्स, मग ०, आणि पुढे आमचंच डोमेन, बाकी काही नाही.

आडवाट:

हा दुसरा खड्डा, ताई. याचा अर्थ मेलही जुन्या होस्टिंगवरच आहे आणि तो ए नोंदीच्या मागे मागे चालतो. ए नोंद बदललीत की मेल नव्या सर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहील, आणि तिथे तुमची पेटीच नाही.

आधी टीटीएल बघा. बाकीच्या सर्व्हरनी नोंदीचं जुनं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं, तो हा आकडा. ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. तो ३०० करा आणि एक दिवस थांबा. मग 'मेल' नावाच्या उपडोमेनची ए नोंद आहे का ते तपासा, नसेल तर करा. ती जुन्या सर्व्हरच्या आयपीकडेच राहू द्या. आता एमएक्स या 'मेल'कडे वळवा आणि दुसऱ्या खात्यातून मेल पाठवून बघा. तो नीट आला, की मगच मुख्य ए नोंद बदला. एएएए नावाची नोंद (ए नोंदीसारखीच, पण नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यासाठी) दिसली तर तीही बदला किंवा काढून टाका, नाहीतर काही लोकांना जुनीच साइट दिसत राहील आणि तुम्हाला ती कदाचित कधीच दिसणार नाही. एसपीएफच्या नोंदीत (तुमच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा ते सांगणारी) जुन्या सर्व्हरचा आयपी स्पष्ट लिहा, म्हणजे तुमचे मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होईल.

आणि जुनं होस्टिंग बंद करू नका. पेट्या तिथेच आहेत!

अजून एक. नव्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ईमेल राउटिंग असेल तर ते 'रिमोट' (म्हणजे पेट्या दुसऱ्या सर्व्हरवर आहेत असं) करा. नाहीतर संपर्क फॉर्ममधली चौकशी नव्या सर्व्हरवरच कुठेतरी पडून राहते. गिऱ्हाईकाला "धन्यवाद" दिसतं, तुम्हाला काहीच येत नाही.

पानपलटी:

जुन्या पानांचं मी सांगते. गूगलचं सर्च कन्सोल (गूगलवरून कोण कुठल्या पानावर येतं ते दाखवणारं साधन) जुन्या साइटला आजच जोडा, ती जिवंत आहे तोवर. कुठल्या पानावर किती लोक येतात ते कळेल. मग एक तक्ता करा, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच वस्तूचं नवं पान, आणि प्रत्येकाला ३०१ रिडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणं). कंटाळा येऊन सगळी साठ पानं मुखपृष्ठावर वळवू नका. गूगल ती हरवलेलीच धरतं, आणि बॉबिन केस शोधणारा माणूस तुमचं स्वागताचं वाक्य वाचत बसत नाही.

तुमच्या जुन्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर आकडा असणार. साधी रिडायरेक्टची ओळ प्रश्नचिन्हापुढचं बघतच नाही, त्यामुळे ते जमेल असं प्लगइन घ्या आणि ४७ वर स्वतः टिचकी मारून खात्री करा. रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग'खाली शोधयंत्रांना मज्जाव करणारी चौकट असते. साइट बांधताना आपणच तिच्यावर टिक करतो आणि मग विसरतो. माझ्याकडे तिच्यावर सात आठवडे टिक होती. गूगलला शिव्या घालून झाल्यावर सापडली.

मजकुराची खिचडी फॉन्टमुळे आहे. जुन्या पत्रकाचा फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसणार, त्यात अक्षरांची फक्त चित्रं मराठी असतात. कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर ओळन् ओळ वाचा. रफार, 'ऱ्या' आणि 'श्र' हमखास बिघडतात. आणि जमलं तर प्रत्येक भागावर कोरलेला क्रमांक पानाच्या शीर्षकातच घाला. लोक तोच टाइप करतात.

सुईदोरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय. मुदत वाढली, डोमेन माझ्या खात्यात आलं. एमएक्स काल बदलला, चाचणीचा मेल चार मिनिटांत आला. ४७ नंबरचं पानही बरोबर जागी उतरतंय. १ तारखेचा हट्ट सोडला, कारण तो शुक्रवार निघाला. मंगळवारी सकाळी मुख्य ए नोंद बदलणार. एकच शंका. नवऱ्याच्या फोनमधल्या मेलच्या सेटिंगमध्ये सर्व्हर म्हणून नुसतं डोमेनच लिहिलंय. ते मंगळवारी बंद पडेल ना?

आडवाट:

पडेल. आजच इनकमिंग आणि आउटगोइंग, दोन्हीकडे 'मेल' टिंब तुमचं डोमेन असं करा. प्रमाणपत्राची तक्रार आली तर जुन्या होस्टिंगच्या पॅनेलमधून त्या उपडोमेनसाठी एसएसएल प्रमाणपत्र घ्या. मदतनीसाचा फोनही बघा, तो हमखास राहतो.