अध्यापन-तंत्रज्ञान केंद्राची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (प्राध्यापिका, कोल्हापूर)
नमस्कार. तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मदत करणारे केंद्र आमच्याकडे उभे राहणार असून त्याचा आराखडा माझ्याकडे सोपवला आहे. पहिली बैठक स्टुडिओ, कॅमेरे आणि स्मार्ट बोर्ड यांच्या दरपत्रकांतच संपली. मी पूर्वी जिथे शिकवत असे, तिथल्या अशाच स्टुडिओला उद्घाटनानंतर काही महिन्यांत कुलूप लागले होते. मर्यादित निधी आधी कशावर खर्च करावा?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, शिक्षणशास्त्र)
मॅडम, आधी माणूस नेमा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने अध्यापन सुधारण्यासाठी केंद्र काढले ते १९६२ साली, म्हणजे आपले शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी. वर्गात संगणक येण्याच्या कितीतरी आधी. आपल्याकडे २००३ पासून एनपीटीईएल (आयआयटींसारख्या संस्थांची ऑनलाइन व्याख्याने) आणि २०१७ पासून स्वयम् (केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ) असल्यामुळे चांगल्या व्याख्यानांचा मोठा साठा तयार आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून घेता येतात. तीच व्याख्याने पुन्हा चित्रित करण्यात पैसा घालू नये.

उत्तर (भूगोल शिक्षक)
सरांशी सहमत आहे. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवताना मुले दरवर्षी अडत. मी व्हिडिओ करायचे म्हणालो, तेव्हा आमच्या तंत्रसाहाय्यक बाईंनी कॅमेरा काढण्याआधी विचारले, ‘मुले नेमकी कुठे अडतात?’ मग आम्ही दिवाळीत मुले किल्ला करतात तसा क्लेचा छोटा पन्हाळा काचेच्या टाकीत ठेवला, एकेक सेंटिमीटर पाणी चढवत प्रत्येक वेळी पाण्याची कड काडीने कोरली आणि वरून साध्या मोबाइलने चार मिनिटांचे चित्रण केले. व्हिडिओच्या आधी एकच प्रश्न ठेवला : रेषा कुठे दाटतील? गगनबावड्याहून एसटीने येणाऱ्या मुलांनी तो प्रवासातच पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी कड्याच्या बाजूला बोट ठेवून कारण सांगितले.

प्रश्नकर्त्या
मनापासून आभार. अशा कामाला प्राध्यापकांना वेळ कसा मिळतो?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, शिक्षणशास्त्र)
कार्यभारात लेखी सूट मिळाल्याशिवाय मिळत नाही. तासिका तेवढ्याच ठेवून केंद्राचे काम वर लादले, तर पहिल्या परीक्षेच्या हंगामातच ते मागे पडते. केंद्र संगणक विभागाच्या अखत्यारीतही देऊ नये, नाहीतर ते प्रोजेक्टर दुरुस्तीची खिडकी होते.

प्रश्नकर्त्या
मग एक अध्यापन-आराखडाकार (पाठ कसा शिकवायचा याची प्राध्यापकांसोबत आखणी करणारा), एक तंत्रसाहाय्यक, दोन प्राध्यापकांना तासिकांत सूट, आणि स्टुडिओऐवजी एक शांत खोली व चांगला माइक, असा मसुदा बैठकीत मांडते.