आइसलँड म्हणजे फक्त २०१६?

कुणीतरी लिहिलंय की आइसलँडच्या फुटबॉलची गोष्ट २०१६ च्या युरो, म्हणजे युरोपियन फुटबॉल स्पर्धेपासून सुरू होते. पुरुषांची म्हणा! बायकांचा संघ त्याआधी सात वर्षं, २००९ मध्येच युरोला पोचला होता आणि २०१३ मध्ये तर उपांत्यपूर्व फेरीत. लोकसंख्या चार लाखांच्याही आत, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम शहर.

२०२२ चा युरो बघितला असेल तर आठवेल. बेल्जियम, इटली, फ्रान्स, तिन्ही सामने १-१. एकही न हरता घरी! फ्रान्सविरुद्धची पेनल्टी तर अगदी शेवटच्या क्षणी. त्याच वर्षी २०२३ चा विश्वचषकही पात्रता फेरीत थोडक्यात हुकला: नेदरलँड्सविरुद्ध बरोबरी पुरली असती, भरपाई वेळेत गोल खाल्ला. मग प्लेऑफमध्ये पोर्तुगालने जादा वेळेत ४-१ ने धुतलं. तोवर त्या एकदाही विश्वचषक खेळल्या नव्हत्या, हे खरंच पटत नाही.

आइसलँडची माजी कर्णधार सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर, तिचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? २०२० च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनलमध्ये तिने ल्यों या फ्रेंच क्लबकडून आपल्याच जुन्या जर्मन क्लबवर, वोल्फ्सबुर्गवर गोल मारला. नंतर गरोदरपणात थकलेल्या पगारासाठी त्याच ल्योंविरुद्ध फिफाच्या न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. माझ्या मते त्या गोलापेक्षा हा निकाल मोठा.

बाकी २०२५ च्या युरोत, स्वित्झर्लंडमध्ये, तिन्ही सामने हरल्या, त्याबद्दल न बोललेलं बरं. पण तिथं पोचल्या होत्या त्या जर्मनीला रेक्याविकमध्ये ३-० ने हरवून.